मॉरिशसहून येणारा पैसा नेमका कुणाचा?

प्रश्न : भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा देशवार तक्ता नुकताच पाहण्यात आला. 2000 सालापासूनची बेरीज पाहिली, तर अमेरिका, जपान, ब्रिटन यांना मागे टाकून मॉरिशस अगदी वरच्या स्थानांवर दिसतो. जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या या बेटाकडे एवढा पैसा आला कुठून? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. तक्ता खोटा नाही; फक्त त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट समजून घ्यावे लागते. पैसा ज्या देशातून थेट भारतात दाखल होतो, त्या देशाच्या नावावर तो मांडला जातो. तो त्या देशात मुळात कुठून आला होता, याची नोंद या तक्त्यात उमटत नाही. 2016-17 या एका वर्षात मॉरिशसच्या नावे सुमारे 16 अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आली आणि ही रक्कम त्या देशाच्या संपूर्ण वार्षिक सकल उत्पन्नापेक्षाही मोठी होती. एखादा देश आपल्या वर्षभराच्या कमाईहून जास्त रक्कम एकाच परक्या देशात गुंतवतो, हे शक्य नाही. तो पैसा प्रामुख्याने अमेरिका, युरोप आणि अन्य देशांतल्या गुंतवणूकदारांचा होता, आणि त्यातला काही भारतातूनच बाहेर जाऊन परकीय म्हणून परत आलेला होता.

याचे मूळ भारत आणि मॉरिशस यांच्यात ऑगस्ट 1982 मध्ये झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात आहे. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनी कर लावू नये, हा अशा करारांचा साधा हेतू. या करारात असे ठरले, की मॉरिशसच्या कंपनीने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला, तर त्यावर कर आकारण्याचा अधिकार फक्त मॉरिशसचा. मॉरिशसमध्ये मात्र भांडवली नफ्यावर करच नव्हता. म्हणजे दुहेरी कर टाळण्यासाठी केलेल्या कराराने एकेरी करही उरला नाही. दहा वर्षे या कलमाकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. 1992 मध्ये भारताने परदेशी संस्थांना शेअर बाजार खुला केला, त्याच वर्षी मॉरिशसने परदेशी व्यवहारांसाठी कंपन्या स्थापन करण्याचा खास कायदा केला, आणि मग पोर्ट लुईची, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीची, वाट रुंद होत गेली.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. समजा, 2015 साली एका कंपनीने भारतीय बाजारातले 40 कोटी रुपयांचे शेअर घेतले आणि सहा महिन्यांनी ते 60 कोटींना विकले. 20 कोटींच्या नफ्यावर त्या वेळच्या 15 टक्के दराने, अधिभार सोडला तरी, 3 कोटी रुपये कर भरावा लागला असता. हीच खरेदी मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपनीमार्फत झाली, तर कर शून्य. त्यासाठी तिथले दोन स्थानिक संचालक, तिथल्या बँकेत मुख्य खाते, तिथेच ठेवलेले हिशेब आणि तिथल्या कर खात्याने दिलेला करनिवासी दाखला (कंपनी करापुरती मॉरिशसची रहिवासी असल्याचे प्रमाणपत्र) एवढी तयारी पुरेशी असे. मॉरिशसमधल्या एबेन इथल्या व्यवस्थापन कंपन्यांच्या एकेका पत्त्यावर अनेक कंपन्या नोंदलेल्या आढळत, त्या यामुळेच. आपल्याकडे एखाद्या जुन्या कंपनीचा वार्षिक अहवाल असेल, तर मोठ्या भागधारकांची यादी काढून पाहावी. नावापुढे कंसात ‘मॉरिशस’ असलेले एखाददुसरे नाव बहुधा सापडेल.

हे सारे सरकारच्या नजरेआड चालले होते, असेही नाही. एप्रिल 2000 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सवलतीसाठी मॉरिशसचा करनिवासी दाखला पुरेसा पुरावा मानावा, असे अधिकाऱ्यांना कळवले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये ते परिपत्रक रद्द केले; ऑक्टोबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आझादी बचाओ आंदोलन’ या संघटनेच्या प्रकरणात ते पुन्हा वैध ठरवले. भांडवलाची निकड असलेले विकसनशील देश अशा आडवाटा कधी कधी जाणूनबुजून खुल्या ठेवतात, असा त्या निकालाचा सूर होता. नव्वदच्या दशकातली निकड मी नाकारत नाही. परंतु परकीय गंगाजळी भरल्यानंतरही हे कलम तसेच ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच बाजारात व्यवहार करणारा इथला गुंतवणूकदार त्याच अल्पकालीन नफ्यावर इमानेइतबारे कर भरत होता.

प्रश्न : मग आता ही वाट बंद झाली आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बऱ्याच अंशी झाली आहे, पूर्ण नाही. 10 मे 2016 रोजी करारात दुरुस्ती झाली. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार भारताकडे आला. पहिली दोन वर्षे दर निम्मा होता. त्याआधी घेतलेल्या शेअरना जुनी सवलत कायम राहिली, आणि वायदे व्यवहारांसारख्या शेअरेतर साधनांवरील नफा या दुरुस्तीबाहेरच राहिला. परिणाम आकड्यांत दिसतो : 2018-19 मध्ये मॉरिशसकडून आलेली रक्कम सुमारे 8 अब्ज डॉलरवर उतरली आणि सिंगापूर पुढे गेला. मार्च 2024 मध्ये दोन्ही देशांनी आणखी एका दुरुस्तीवर सह्या केल्या. व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक हेतू करसवलत मिळवणे हा असेल, तर सवलत नाकारता यावी, असे तिच्यात म्हटले आहे.

प्रश्न : रत्नागिरीत आमचा आंबा प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसे बरीच आहेत, असे ऐकतो. तिकडे माल पाठवताना काही सवलत मिळते का? (एक उद्योजिका, रत्नागिरी)

उत्तर : ताई, आपला प्रश्न वाचून विशेष आनंद झाला, कारण मॉरिशसची चर्चा करसवलतीतच अडकते आणि खरा व्यापार दुर्लक्षित राहतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये (करारबद्ध मजूर) म्हणून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही गणेशोत्सव साजरा करतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. इतकी जवळीक असूनही दोन देशांमधला वस्तूंचा व्यापार वर्षाला एक अब्ज डॉलरच्याही आत आहे, आणि त्यात बहुतांश वाटा भारताकडून जाणाऱ्या मालाचा आहे.

आपल्या उपयोगाचा करार 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. भारताने आफ्रिकेतल्या देशाशी केलेला हा अशा स्वरूपाचा पहिला व्यापार करार. त्यात भारताच्या 310 वस्तूंना मॉरिशसमध्ये आयातशुल्काची सवलत आहे आणि त्यांत खाद्यपदार्थ व पेये यांचाही समावेश आहे. मॉरिशसच्या 615 वस्तूंना भारतात तशी सवलत मिळते. आंब्याचा रस, मुरांबा आणि लोणचे यांचे शुल्कवर्गीकरणातले क्रमांक वेगवेगळे असतात, म्हणून ‘आंब्याचे पदार्थ’ अशी ढोबळ चौकशी न करता प्रत्येक पदार्थाचा क्रमांक कराराच्या यादीत पडताळून पाहावा. सवलत आपोआप मिळत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून मालाच्या उगमाचा दाखला काढून तो खरेदीदाराकडे वेळेत पोहोचवावा लागतो, आणि तो नसेल तर तिथल्या बंदरात आपल्या खरेदीदाराला पूर्ण शुल्क भरावे लागू शकते. पहिली खेप लहान ठेवावी आणि डब्यावरच्या मजकुराबाबत तिथले नियम खरेदीदाराकडून लेखी मागवून मगच छपाईला द्यावे.