सिंहाच्या बछड्यांसाठी पॉलिसी मोडू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी 47 वर्षांची, नाशिकला एका खासगी कंपनीत लेखा विभागात आहे. हातात 82 हजार पगार येतो. यजमानांचा छोटा छापखाना आहे, त्यांचं उत्पन्न महिन्याला 15 ते 40 हजारांत वरखाली होतं. गृहकर्ज 14 लाख बाकी, हप्ता 20 हजार, अजून आठ वर्षं. मुलगी 21 वर्षांची, प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली. तिला वन्यजीव क्षेत्रात करिअर करायचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी सिंह संवर्धन केंद्रात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून जायची संधी आली आहे. आईने टाकलेल्या बछड्यांना वाढवायचं, मग ते जंगलात सोडतात. तिथल्या प्रमाणपत्रामुळे परदेशी विद्यापीठात प्रवेशाला प्राधान्य मिळतं, असं पुण्याचे एजंट म्हणाले. एकूण खर्च 4 लाख 60 हजार. 20 हजार आगाऊ भरले आहेत, बाकी फी महिनाअखेरपर्यंत द्यायची आहे. मुलीच्या शिक्षणासाठी 2017 मध्ये घेतलेली पॉलिसी सरेंडर केली तर सव्वासहा लाख मिळतील असं शाखेत सांगितलं. ती मोडू, की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ? पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर:

ताई, पॉलिसी मोडू नका आणि कर्जही काढू नका. बाकीची फी भरू नका. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तुम्ही जोडलेलं ते पहिलं पान पाहिलं आणि मला या सहलीपेक्षा तुमच्या घराची काळजी जास्त वाटली. त्याकडे येतोच. फीची मुदत महिनाअखेरची आहे, म्हणून आधी ते.

कर्जाचा हिशेब एका ओळीचा आहे. 4.6 लाख, 14 टक्के, तीन वर्षं, म्हणजे हप्ता पावणेसोळा हजार आणि एकूण परतफेड साडेपाच लाखांच्या वर. तुमच्या पगारातून गृहकर्जाचे 20 हजार, पॉलिसीचे महिन्याला आठ आणि तुम्ही लिहिलेला घरखर्च 40 हजार वजा केला की उरतात 14 हजार. हप्ता बसतच नाही.

आता तो कार्यक्रम. तुम्ही मला पैसे कुठून आणायचे ते विचारलंत. ते जातात कुठे, हे एजंटला विचारलंत का? माहितीपत्रकात एक मुलगी मांडीवर बछडा घेऊन त्याला बाटलीने दूध पाजते आहे आणि खाली ‘अनाथ’ असं लिहिलंय. पंधरा-वीस दिवसांचं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले. एकाच केंद्रात, वर्षभर, दर सहा आठवड्यांच्या तुकडीला पुरतील इतके अनाथ बछडे येतात कुठून? रानातली सिंहीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सांभाळते आणि त्यानंतरच तिला पुढची वीण होते. पिल्लं काही दिवसांतच काढून घेतली की ती लवकर पुन्हा माजावर येते. पिल्लांना आईने टाकलेलं नसतं, ती आईकडून काढून घेतलेली असतात. मग त्यांना सांभाळायला माणसं लागतात, आणि ती माणसं उलट पैसे मोजून येतात.

दक्षिण आफ्रिकेत बंदिस्त पैदाशीतले सिंह आठ हजारांच्या आसपास असल्याचं मानलं जातं, तीनशेहून जास्त ठिकाणी. तिथल्या रानात आहेत त्यापेक्षा हे कितीतरी जास्त. बछडा लहान असतो तेव्हा बाटली आणि फोटो, थोडा मोठा झाला की पर्यटकांबरोबर फेरफटका. पूर्ण वाढ झाली की कुंपणाच्या आत पैसे भरून येणाऱ्या शिकाऱ्यापुढे, किंवा हाडांच्या व्यापारात. 2017 मध्ये तिथल्या सरकारने 800 सिंहांच्या सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. 2017 आणि 2018 चे हे कोटे 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. मे 2021 मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी सिंहांची बंदिस्त पैदास आणि पर्यटकांकडून त्यांना हाताळून घेणं बंद करण्याची भूमिका सरकारतर्फे जाहीर केली. अंमलबजावणी संथ आहे, म्हणून दुकानं उघडी आहेत. तुमचंच केंद्र हे सगळं करतं असं मी म्हणत नाही. पण माणसाच्या हातावर वाढलेला, माणसाची भीती गेलेला सिंह जंगलात सोडत नाहीत. सोडला तर तो गावात शिरेल. ‘मग ते जंगलात सोडतात’ या वाक्यावर तुम्ही साडेचार लाख लावायला निघाला आहात आणि ते वाक्यच खरं असू शकत नाही.

थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या व्याघ्रमंदिरातही परदेशी स्वयंसेवक मोठ्या श्रद्धेने राबत होते. 2016 मध्ये तिथे छापा पडला तेव्हा फ्रीझरमध्ये वाघांची 40 मेलेली पिल्लं सापडली. त्या मुलामुलींच्या हेतूत काहीच खोट नव्हती. म्हणून तुमच्या लेकीलाही दोष देऊ नका. ती फसते आहे ती प्राण्यांवरच्या मायेपोटी, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे.

पैसे घेणारी प्रत्येक संस्था खोटी, असा अर्थ कृपा करून काढू नका. अर्थवॉच ही संस्था 1971 पासून लोकांकडून उघड पैसे घेऊन त्यांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली कामाला लावते. जीप, डिझेल, रेडिओ कॉलर यांना पैसे लागतातच. कोस्टारिकात तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर 1959 पासून समुद्री कासवांचं काम चालू आहे. तिथला स्वयंसेवक रात्रभर वाळूत चालतो, अंडी मोजतो, मापं लिहितो. दक्षिण आफ्रिकेतच क्वाझुलू-नाताळमध्ये वाइल्डलाइफ ॲक्ट ही संस्था रानकुत्र्यांचा माग काढते. स्वयंसेवक गाडीत बसून अँटेना फिरवतो आणि नोंदी करतो, प्राण्याला हात लावत नाही. निवारा केंद्रांसाठी 2007 पासून ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्चुअरीज ही मान्यता देणारी संस्था आहे. पैदास नको, खरेदी-विक्री नको, पाहुण्यांना जंगली प्राणी हाताळायला देणं नको, अशी तिची साधी कसोटी आहे. तुमचं केंद्र हाताळणीच्या अटीतच बाद होतं. कुठेही जायचं असेल तर फीतला किती भाग जागेवर जातो आणि किती मधल्या माणसाचा, हे लेखी मागा. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात केंद्राची फी 2,900 डॉलर, म्हणजे अंदाजे 2 लाख 60 हजार, विमान 85 हजार, आणि एजंटची ‘प्रक्रिया फी’ 45 हजार आहे. एक अर्ज भरण्याचे 45 हजार!

प्रमाणपत्राबद्दल तर मला खरोखर राग आला. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळणाऱ्या कागदावर कुठलंही धड विद्यापीठ प्राधान्य देत नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था असो की बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीव अभ्यासक्रम, तिथे परीक्षा आणि मुलाखत असते. समोरची माणसं आयुष्यभर रानात हिंडलेली असतात. बछड्याला बाटली पाजल्याचं तिने सांगितलं तर ते तिच्या विरोधातच जाईल.

आता ते पहिलं पान.

वर्षाला 96 हजार हप्ता, 15 वर्षं भरायचा, मुदत 20 वर्षं, विमा रक्कम 14 लाख. ‘प्रस्तावक’ या रकान्यात तुमचं नाव आहे. ‘विमाधारक’ या रकान्यात मुलीचं. रायडरपुढे, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या जादा संरक्षणापुढे, ‘लागू नाही’. म्हणजे नऊ वर्षं तुम्ही विमा उतरवला आहे तो तुमच्या लेकीच्या आयुष्याचा. घर चालतं तुमच्या पगारावर आणि तुमच्या आयुष्यावर एक रुपयाचाही विमा नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून काहीही मिळणार नाही. उलट उरलेले हप्ते तुमच्या यजमानांना छापखान्यातून काढावे लागतील, वर 14 लाखांचं गृहकर्ज. हप्ता माफीचा रायडर असता तर निदान एवढं तरी टळलं असतं. तोही विकणाऱ्याने घातला नाही.

आणि ‘शिक्षणासाठी’ म्हणून विकलेल्या या पॉलिसीचे पैसे मिळणार 2037 मध्ये. तेव्हा मुलगी 32 वर्षांची असेल. कुठलं शिक्षण? बारा वर्षांच्या मुलीसाठी वीस वर्षांची योजना काढून देणाऱ्याने तिचं वयही विचारात घेतलं नाही. 29 लाख मिळतील असं सांगितलं होतं, ते सगळे मिळाले असं धरलं तरी सुरुवातीपासूनचा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग बोनस आहे, ज्याची हमी नाही.

मग मोडा म्हणेन असं तुम्हाला वाटेल. नाही. सरेंडरमधला जो तोटा आहे तो तुमचा होऊन गेला आहे: भरलेत 8 लाख 64 हजार, मिळणार सव्वासहा. आता फक्त पुढचं बघायचं. आज सव्वासहा लाख सोडायचे आणि आणखी सहा हप्ते, म्हणजे पावणेसहा लाख भरायचे. 29 च्या जागी 25 लाखच मिळाले तरी इथून पुढच्या पैशावर पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडतात, बहुधा करमुक्त. एफडी तेवढं देत नाही. वाईट पॉलिसीचा वाईट भाग मागे पडला आहे, आता मोडून त्याच कंपनीचा फायदा करून देऊ नका. शाखेकडून आजवर जमा झालेला बोनस आणि सरेंडर मूल्य मात्र लेखी घ्या. तोंडी आकड्यांवर मी केलेला हा हिशेब आहे. आकडे फार वेगळे निघाले तर मला पुन्हा लिहा.

हाच हिशेब एजंटच्या 20 हजारांना लावा. तेही गेलेले आहेत. ते वाचवायला आणखी 4 लाख 40 हजार घालायचे नाहीत. परताव्याची मागणी ईमेलने करा, फोनवर नको. मिळाले तर उत्तम.

उरलेल्या 14 हजारांतून पहिलं काम तुमच्या स्वतःच्या टर्म विम्याचं, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या साध्या विम्याचं. गृहकर्ज 14 लाख, दहा-बारा वर्षांचा घरखर्च, लेकीचं पुढचं शिक्षण, सगळं धरून एक कोटी लागतात. 62 व्या वर्षापर्यंतचा हप्ता वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या घरात यावा, तब्येतीनुसार कमी-जास्त. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. म्हणजे त्या सहा आठवड्यांच्या पैशांत तुमचा जवळपास पंधरा वर्षांचा विमा होतो. रक्तदाब, थायरॉइड, जे असेल ते अर्जात लिहा. लपवलेल्या आजारावर दावे अडतात. आणि पैसे परत देणारा टर्म प्लॅन कुणी पुढे केला तर ऐकूनही घेऊ नका.

दुसरं, आरोग्यविमा. कंपनीचा तीन लाखांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. नोकरी गेली की तो गेला. तिघांसाठी स्वतःचा दहा लाखांचा घ्या. दोन्ही मिळून महिन्याला पाच-साडेपाच हजार जातील. राहिलेले आठ-नऊ हजार मुलीच्या एमएस्सीसाठी रिकरिंगला टाका, दीड-दोन वर्षांच्या पैशाला शेअर बाजार नको. पाच लाखांची एफडी आहे ती अडीअडचणीसाठी, तिला हात लावू नका.

लेकीला मात्र हिरमुसलं करून घरात बसवू नका. तिला एक लाख रुपये मोकळे द्या, तुमच्या नोकरीतल्या बोनसमधून, वर्षभरासाठी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आहेत. हंगामात तिथे गावातल्याच घरात राहता येतं आणि पहाटे किनाऱ्यावर घरटं शोधायला जाणाऱ्या माणसाच्या मागे चालता येतं. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसवतो. दर चार वर्षांच्या व्याघ्रगणनेत काही राज्यांचे वनविभाग स्वयंसेवक घेतात. शिवाय तिने तिच्या आवडीच्या संशोधकांना सरळ ईमेल करावेत: मला ट्रॅन्सेक्ट (आखलेल्या रेषेवरून चालत प्राण्यांची नोंद करणं) चालता येतो, कॅमेरा ट्रॅपच्या नोंदी भरायला येतात, दोन महिने काम करायला तयार आहे. पंधरा जणांना लिहिलं तर दोघे उत्तर देतील, आणि क्षेत्रकामाला माणूस हवा असेल तर राहण्या-जेवणाची सोयही होईल. तिथून मिळणारं शिफारसपत्र कामाचं असतं, कारण ते लिहिणाऱ्याने तिला काम करताना पाहिलेलं असतं.

एमएस्सीनंतर तिला आफ्रिकेत जायचं असेल तर जाऊ द्या. तोवर कोणत्या संस्थेला काय विचारायचं हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

एजंटचा फोन येईल, जागा भरत आल्या म्हणून. तो मुलीला उचलू देऊ नका, तुम्हीच उचला आणि ईमेल पाठवला आहे एवढंच सांगा. पॉलिसीच्या आकड्यांचं पत्र हातात आलं की टर्मच्या वैद्यकीय तपासणीची तारीख त्याच आठवड्यात घ्या. पुढच्या वाढदिवसाआधी विमा सुरू झाला तर हप्ता बहुधा 47 व्या वर्षाचाच लागेल.