गाडी नागपुरात, आपण बेटावर: सायकल कोणती घेऊ?

प्रश्न: नमस्कार ताई. माझी बदली झाली लक्षद्वीपला, कवरत्तीत. घरी सांगितलं तर आईने पहिले विचारलं तिथं संत्री भेटतात का, जाऊ द्या. प्रॉब्लेम असा की इथं प्रतापनगरात आमचं सगळं गाडीवर, दूध आणायलाही मी कार काढतो, बायको अ‍ॅक्टिव्हावर, मुलगी चौथीत. तिकडचा सहकारी फोनवर म्हणे कार आणून करशील काय, बेटच केवढं, सायकल घे. शाळा सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नाही अन् बायको तर कधी शिकलीच नाही. सीताबर्डीला दुकानं पाहून राहिलो तर सगळे 21 गिअरवाल्या, जाड टायरच्या, शॉकअपवाल्या दाखवतात. कोणती घ्यावी, इथून न्यावी का, अन् कार विकू की बाबांकडे ठेवू? पोट सुटलंय हे वेगळं सांगत नाही.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: सहकारी बरोबर बोलला हो. कवरत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा किलोमीटरच्या आत आहे, रुंदी जास्तीत जास्त दीड-एक किलोमीटर, म्हणजे तुमच्या घरून बर्डीला जाऊन यायला जेवढं अंतर पडतं तेवढ्यात तिथं अख्खं बेट संपतं अन् वर समुद्र उरतो. त्यात प्रवाळाचं बेट, चढ म्हणून काही नाहीच, सेमिनरी हिल्सला जसा दम निघतो तसला प्रकार तिथं शोधूनही सापडायचा नाही. म्हणून 21 गिअर डोक्यातून काढा. पायांची काळजी तर अजिबात करू नका, पंधरा दिवसांत ते आपोआप वळणावर येतात, पोटाचं मात्र मी काही बोलत नाही, तिथं मासे-भात फार चांगला मिळतो.

खरी काळजी मिठाची. नागपूरच्या कोरड्या हवेत आपली सायकल दोन वर्षं गच्चीवर पडली तरी फार तर टायर तडकतो अन् धूळ बसते, पण बेटावर हवेतच मीठ असतं, ते लोखंडावर बसतं, दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं अन् चेन, स्पोक, नट-बोल्ट, ब्रेकची तार भराभर गंजतात. जितके पार्ट जास्त तितका गंज जास्त, हा हिशोब धरा. म्हणून माझं मत साधं आहे: विनागिअरची, पुढं शॉकअप नसलेली, मडगार्ड अन् कॅरिअरवाली, आणि जमलं तर चेन पूर्ण झाकणारं कव्हर असलेली, आपल्या आजोबांच्या वेळची काळी सायकल असायची ना तसली. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. स्पोक मात्र स्टेनलेस स्टीलचेच मागा, थोडे पैसे जास्त लागतील पण वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आऊट काढत बसावं लागणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम गंजत नाही म्हणून लोक डोळे मिटून घेतात, त्यात एक गोम आहे. अ‍ॅल्युमिनियम अन् लोखंड एकमेकांना टेकून खाऱ्या ओलाव्यात राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं अन् दोन्ही एकमेकांना असे धरून बसतात की सीटचा दांडा हातोड्यानेही निघत नाही. सीटचा दांडा, पायडलचे आटे, हँडलचा बोल्ट, सगळ्याला आधीच भरपूर ग्रीस लावून घ्या अन् महिन्याकाठी एकदा दांडा काढून परत बसवा.

धुवायचं म्हणाल तर पाईप लावून धुवायची सवय इथंच सोडून जा. तिथं गोड पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर, 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोड करायचा प्रकल्प सुरू झाला तो दिवसाला एक लाख लिटरचा. तेव्हा ओलं फडकं फिरवायचं, मग कोरडं, मग चेनला तेल, अन् जास्तीचं तेल पुसून टाकायचं नाहीतर वाळू चिकटते. आठवड्यातून एकदा पुरे. सावली पाहून सायकल लावायची सवय असेल तर वर पाहून लावा, नारळ पडतो!

इथून न्यायची का? मी तरी नेणार नाही. सायकल केरळ एक्सप्रेसने पार्सल करून एर्नाकुलमला जाईलही, पण पुढं कोचीहून जहाज अन् चढ-उतार, कोणीतरी रिम वाकवणारच. सहकाऱ्याला एवढंच विचारा की तिथल्या रस्त्यावर कोणत्या मापाची चाकं जास्त दिसतात, तेच माप कोचीत किंवा तिथं घ्या, म्हणजे ट्यूब-टायर कोणाकडेही मिळेल. इथून न्यायचं ते सुटं सामान: दोन ट्यूब, ब्रेकच्या तारा, एक चेन, सोल्युशन अन् पॅच, हातपंप, पाने. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांचं वेळापत्रक कोलमडतं, तेव्हा पार्ट मागवून बसलात तर पायीच फिराल.

वहिनींचं सगळ्यात सोपं. अ‍ॅक्टिव्हा चालवतात म्हणजे तोल आहेच, फक्त पाय फिरवायचे आहेत. आत्ताच कोणाची तरी छोटी सायकल मागा, दोन्ही पायडल काढून टाका, सीट इतकी खाली करा की पाय जमिनीला पूर्ण टेकतील, अन् सकाळी मोकळ्या मैदानात पायाने ढकलत फिरू द्या. पाय उचलून लांब घरंगळायला लागल्या की पायडल लावा. मागून कॅरिअर धरून पळू नका, त्यानं तोल शिकला जात नाही अन् नवरा-बायकोत भांडण होतं ते वेगळं. ब्रेक बहुतेक सायकलींना स्कूटरसारखेच असतात, डावा मागचा अन् उजवा पुढचा, पण बसण्याआधी दाबून पाहा. मुलीला मोठी होईल म्हणून मोठी सायकल घेऊ नका, उभ्याने दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

आणि घामाचं. इथं मे महिन्यात 45 डिग्रीत घाम आला की वाळतो, तिथं पारा 35 च्या आसपासच अडतो पण घाम अंगावरच राहतो. ऑफिसात एक शर्ट ठेवा.

कार: बदली दोन-तीन वर्षांची असेल अन् बाबा स्वतः चालवत नसतील तर विकून टाका. विकताना इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं अन् परत आल्यावर नवीन गाडीला लागतं, पाच वर्षं क्लेम नसेल तर ती सूट 50 टक्क्यांपर्यंत असते, सोडायची कशाला. ठेवणारच असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला विटा लावा, अन् पॉलिसी संपू देऊ नका, 90 दिवसांच्या वर खंड पडला की बोनस गेला.

प्रश्न: अंदमानात शहीद द्वीपला चार दिवस भाड्याच्या सायकलवर फिरलो, लय मजा आली. आता मनीषनगरहून बर्डीला ऑफिसलाही सायकलनेच जावं म्हणतो. जमेल का?
— वाचक, मनीषनगर

उत्तर: नोव्हेंबरात सुरू करा, आत्ता उन्हाळ्यात उत्साह दाखवू नका. वर्धा रोडला सायकल घालू नका, आतल्या गल्ल्यांनी या, नाहीतर अर्धा रस्ता सायकल अन् पुढं मेट्रो, आपल्या मेट्रोत सायकल नेता येते. लांब अंतराची भीती वाटली तर डॉ. अमित समर्थ आठवा, आपल्याच नागपूरचे, 2017 मध्ये एकट्याने रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तुम्हाला फक्त बर्डीपर्यंत यायचंय. तिथल्या अन् इथल्या सायकलमध्ये एक फरक मात्र ठेवा: बेटावर नसले तरी चालतील असे दोन लाल दिवे मागे लावा, संध्याकाळी अजनीच्या गर्दीत ते लागतातच.