बेळगावकडच्या ओव्या आणि यल्लम्माची गाणी व्हॉट्सॲप-यूट्यूबवरून जमवली तर त्याला क्षेत्रकार्य म्हणता येईल का?

येईल की. मी दोन वर्षं तेच करतेय. गाणं मिळणं सोपं आहे हो, ते कुणाच्या कानांसाठी होतं हे ओळखणं अवघड.

माझंच सांगते. खानापूरच्या आत्त्याच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या होत्या. एक ओळ नीट लागत नव्हती, म्हणून ती घरच्या ग्रुपवर टाकली. रात्रीपर्यंत दोन पाठ, म्हणजे त्याच ओळीची दोन वेगळी रूपं, आले. आत्त्याच्या ओवीत यल्लम्माचा डोंगर. निपाणीच्या मावशीकडं त्याच जागी जोतिबाचा. अथणीला दिलेल्या चुलतबहिणीकडं डोंगर यल्लम्माचाच, पण ‘बाई’ची कन्नड ‘अव्वा’ झालेली. मी खूश! त्या भरात दुसरी ओवी टाकली, भावजयीला टोमणे मारणारी. ती भावजय, म्हणजे आमच्या काकू, ग्रुपमध्येच. आत्त्या महिनाभर बोलली नाही. पहाटे जात्याच्या घरघरीत दोघी बायकांत जे बोलून जायचं, ते मी पुरुषमाणसांसकट चाळीसजणांत वाजवलं होतं. आता रेकॉर्ड करू का हे एकदा विचारते, आणि कुणाला ऐकवू हे वेगळं विचारते.

ताडून बघायला पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटवर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पातल्या ओव्या आहेत. त्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि तिथं गाणारीचं नाव-गाव दिलेलं असतं. फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गळतं. दुहेरी बाण दिसला की तो मेसेज किमान पाच हात फिरून आलाय एवढंच कळतं. पहिला हात कुणाचा, ते व्हॉट्सॲप सांगत नाही. त्यामुळं मूळ पाठाच्या मागं लागू नका. कुणी, कधी, कशावरून पाठवला ते त्याच दिवशी वहीत उतरवा.

यल्लम्माची गाणी देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत शोधा. ‘रेणुका’ आणि ‘एल्लम्मा’ ही तिचीच नावंसुद्धा घालून बघा. मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीच्या जत्रेत कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चौंडकं (यल्लम्माच्या गाण्यांना साथ करणारं तंतुवाद्य) आणि स्टुडिओत कीबोर्डवर बसवलेलं गाणं एका फोल्डरात ठेवू नका. व्हिडिओ उडतात, त्यामुळं बघताक्षणी नोंद करा.

राग गेल्यावर आत्त्यानं त्या टोमण्याच्या पुढच्या चार ओळी सांगितल्या. त्या माझ्या वहीत आहेत, प्रबंधात नाहीत.