काचबिंदूत कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) ताठपणा कसा मोजतात? डोळ्याचं प्रेशर १६ असूनही ही तपासणी कशाला?

कारण ते १६ कॉर्नियावर दाब देऊन काढलेलं असतं. प्रेशर मोजणारा गोल्डमन टोनोमीटर कॉर्नियाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन धरून चालतो. कॉर्निया पातळ किंवा मऊ असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. लेसिक (चष्मा घालवण्यासाठी कॉर्नियाची लेझर शस्त्रक्रिया) झालेल्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

ऑक्युलर रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर डोळ्यावर हवेचा झोत सोडतो. पापणी लवायच्या आत कॉर्निया आत दबतो आणि परत येतो. जाताना एकदा सपाट होतो, येताना पुन्हा एकदा. त्या दोन क्षणांच्या दाबांतला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते ११ मिमी पारा (mmHg) असतो, काचबिंदूत बहुधा कमी. तो कमी असेल तर दृष्टिक्षेत्र लवकर घटण्याचा धोका जास्त.

पण हिस्टेरेसिस म्हणजे ताठपणा नव्हे, धक्का पचवण्याची क्षमता. रिपोर्ट वाचताना इथेच घोळ होतो. ताठपणाचा अंदाज हवा तर कॉर्व्हिस एसटी हे यंत्र, ते दबणाऱ्या कॉर्नियाचे सेकंदाला ४,३०० च्या वर फोटो घेतं. दोन्ही यंत्रं सगळीकडे मिळत नाहीत. नसतील तिथे किमान पॅकिमेट्री, म्हणजे जाडीची मोजणी, करून घ्या. आणि आकडा काहीही येवो, काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका.