डेटाबेसने मेमरीतील बदललेली पाने डिस्कवर केव्हा लिहावीत?

व्यवहार कमिट (म्हणजे कायम) होताच बदललेली पाने, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवर गेली पाहिजेत, असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तशी गरज नसते. कमिटच्या वेळी डिस्कवर पोहोचावी लागते ती बदलाची लॉगमधील (बदलांच्या क्रमवार नोंदवहीतील) नोंद, आणि पान केव्हाही लिहिले तरी त्यापूर्वी ही नोंद सुरक्षित झालेली असली पाहिजे, हा नियम मात्र मोडता येत नाही. बाकी सारा हिशेबाचा भाग आहे.

लेखन लांबवले, तर एकाच पानावरील अनेक बदल एकदाच लिहून भागतात. परंतु सर्व्हर अचानक बंद पडल्यास शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (तोवरची बदललेली पाने डिस्कवर लिहून झाल्याच्या टप्प्यापासूनचा) लॉग पुन्हा लागू करावा लागत असल्याने सावरण्यास अधिक वेळ लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मूळ सेटिंगनुसार चेकपॉइंट दर ५ मिनिटांनी होतो, आणि लॉग १ जीबीच्या मर्यादेकडे वेगाने सरकू लागला तर त्याआधीही होतो. चेकपॉइंटनंतर एखादे पान प्रथमच बदलले की ते संपूर्ण पान लॉगमध्ये लिहिले जाते, त्यामुळे चेकपॉइंट फार वारंवार घेतल्यास उलट लॉगच फुगतो. ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. याशिवाय, नव्या पानासाठी मेमरीत जागा उरली नाही तर बदललेले पान नाइलाजाने तेव्हाच लिहावे लागते, आणि हे टाळण्यासाठीच पार्श्वभूमीवर थोडे थोडे लेखन चालू ठेवतात.

लेखनाचा भार मोठा असेल, तर माझ्या मते आधी लॉगची मर्यादा वाढवावी आणि चेकपॉइंटमधील अंतर १५ ते ३० मिनिटांपर्यंत न्यावे, मात्र तेवढा लॉग पुन्हा लागू करण्यास लागणारा वेळ चाचणी सर्व्हरवर मोजून घ्यावा.