टॅरंटुलाच्या (मोठ्या केसाळ कोळ्याच्या) इवल्या पिल्लाला खायला काय द्यावं?

पिल्लू ज्वारीच्या दाण्याएवढं आहे आणि जिवंत रातकिडा टाकला की लपून बसतं, असं तुम्ही लिहिलंय. लपणारच! त्याच्याहून मोठा रातकिडा उलट त्यालाच चावू शकतो. रातकिड्याची मागची तंगडी किंवा मारलेल्या मीलवर्मचा (भुंगेऱ्याच्या अळीचा) बारीक तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवा. एवढी पिल्लं मेलेलं भक्ष्यही खातात. आठवड्यातून दोनदा पुरे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढाच, बुरशी धरते.

शेतातले किडे मात्र अजिबात नकोत. आपल्याकडे कापूस-सोयाबीनवर किती फवारण्या होतात, तुम्हाला माहीतच आहे. खोलीत डासांची कॉइलही लावू नका.

पोट फुगून चकाकलं, बिळाचं तोंड बंद झालं, की कात टाकायची वेळ आली समजा. तेव्हा खाणं बंद, आणि उकरून तर मुळीच बघू नका. कात टाकल्यावर आठवडाभर थांबून मग खायला द्या.

परभणीच्या मे महिन्यात, पारा 42 च्या वर गेल्यावर, मला उपासापेक्षा पिल्लू वाळण्याची भीती जास्त वाटते. डबी पत्र्याखाली ठेवू नका, माठाजवळचा गार कोपरा बघा. डबीतल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक बाजू कायम ओलसर ठेवा, आणि कूलरचा वारा थेट येऊ देऊ नका.