एवढा पैसा घातलेला स्विमिंग पूल बुजवायचा का? एका घरातला अनुभव

"मॅडम, लाखो रुपये घालून पूल बांधला, आता त्यात कोणी उतरत नाही. ठेवावा तर जीवाला घोर, बुजवावा तर लोक काय म्हणतील." समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी पूल असतो, कधी मळ्यातलं शेततळं, कधी घरामागची जुनी विहीर, पण घरातले दोन जण दोन टोकांना आणि बाकीचे मधे गप्प, हे सगळीकडे सारखंच. म्हणून एका घराचं सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर धुळ्याजवळ. सासू-सासरे, धाकटा मुलगा, सून आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी. थोरला पुण्यात, त्याची पोरं आता कॉलेजात. लेक चाळीसगावला दिलेली. थोरल्याची पोरं लहान असताना सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, बंगल्यामागे पूल बांधला, ३० फूट बाय १५ फूट, एका टोकाला ३ फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला ६. काही वर्षं सुट्टीत नुसती धमाल असायची म्हणे. नंतर पोरं मोठी झाली, येणं कमी झालं, फिल्टरची मोटर बिघडली ती तशीच राहिली आणि पाणी हिरवं पडलं.

माझ्याकडे पहिल्यांदा सून आली, एकटीच, झोप लागत नाही म्हणून. रात्री तीन-तीनदा उठून मागच्या दाराची कडी बघायची. दुपारी पोरगी दोन मिनिटं दिसली नाही की हात थरथरायला लागायचे. नवरा म्हणायचा तू फार विचार करते, सासूबाई म्हणायच्या आमची पण पोरं इथंच मोठी झाली, आणि हळूहळू तिलाच वाटायला लागलं की आपल्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे.

बिघाड काही नव्हता, आणि हे मी तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, कारण अशा बायकांना आधी तेच ऐकायची गरज असते. दीड वर्षाचं पोर वीतभर पाण्यात पण बुडू शकतं, ते ओरडत नाही, हातपाय फार आपटत नाही, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला आवाजही येत नाही. हिरव्या पाण्यात तर तळ दिसत नाही, आत पडलेलं दिसायलाच वेळ जातो. त्यात साठलेल्या पाण्यात अळीपासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे डेंग्यूची भीती वेगळीच. तिची भीती एकदम जागेवर होती, फक्त ती एकटी सगळ्या घराची भीती वाहत होती.

मग नवऱ्याला बोलावलं आणि दोघांसमोर म्हटलं, पूल ठेवायचा का बुजवायचा हे ठरायला महिने लागोत, पण पाण्याचा बंदोबस्त या आठवड्यात व्हायला पाहिजे. तो लगेच म्हणाला, शेडनेट टाकून देतो ना वरून. हे खूप जण करतात म्हणून मुद्दाम सांगते, शेडनेटने काही होत नाही, उलट पोर त्यात गुंडाळलं जातं आणि वरून दिसतही नाही. नुसतं रिकामं करून ठेवणं पण पुरेसं नाही, सहा फूट खाली फरशीवर पडलं तर काय होईल सांगा. चारही बाजूंनी कमीत कमी ४ फूट उंच जाळी, पोराला चढता येणार नाही अशी, तिला आपोआप बंद होणारं फाटक आणि खटका पोराचा हात पुरणार नाही इतका वर. त्यांनी वेल्डरकडून तीन दिवसांत करून घेतलं. त्या आठवड्यात सून पहिल्यांदा सलग पाच तास झोपली, आणि भांडण जरा खालच्या आवाजात आलं.

आप्पा मात्र यायला तयार नव्हते. आले तेव्हा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मी जिवंत आहे तोवर तो पूल बुजणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो." मी पुलाचं काही बोललेच नाही. पोहायला कुठे शिकले ते विचारलं.

आणि मग आप्पा बोलत राहिले. पांझरा नदीच्या काठचं गाव, फडाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यातून पाट काढलेले, आणि गावची जमीन फडांमधे, म्हणजे मोठ्या पट्ट्यांमधे, वाटून पाणी पाळीने द्यायचं अशी पद्धत तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, पाणी सोडायला पाटकरी असायचा. आप्पा त्या बंधाऱ्यात पोहायला शिकले. मग १९७२ चा दुष्काळ. आप्पा बारा-तेरा वर्षांचे, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि हे लहान भावाला घेऊन पाण्याच्या रांगेत. "त्या बंधाऱ्यात मी नुसता गाळ पाहिला मॅडम, भेगा पडलेला." पुढे धुळ्यात आले, हमालीपासून सुरुवात केली, स्वतःचा धंदा उभा केला, आणि ज्या दिवशी बंगल्यामागे निळंशार पाणी भरलं त्या दिवशी आईला खुर्ची टाकून काठावर बसवलं होतं.

आता सांगा, या माणसाला "तो खड्डा बुजवा" म्हटलं की त्याला काय ऐकू येत असेल? घरात कोणाला ही गोष्ट पूर्ण माहीत नव्हती. मुलालाही नव्हती.

त्यानंतर मी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारलं, पूल गेला तर तुमचं काय जाईल आणि राहिला तर काय जाईल. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मना नातू तठेच पवाले शिकना," म्हणजे माझा नातू तिथेच पोहायला शिकला. त्यांना पुण्याची नातवंडं येत नाहीत याचं दुःख होतं, पूल गेला म्हणजे ती येणारच नाहीत असं वाटायचं. धाकट्याचं अजून वेगळं. टँकरचं बिल, मोटरची दुरुस्ती सगळं त्याच्या खिशातून जायचं पण वडिलांपुढे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून तो बायकोलाच गप्प करायचा. म्हणजे भांडण सासरा आणि सुनेचं दिसत होतं, आणि निम्मं तर बाप-लेकाचं होतं.

पैशाचा मुद्दा राहिलाच होता, आप्पा परत परत त्यावर यायचे, की एवढे लाख घातलेत. मी म्हटलं, आप्पा, ते लाख तुम्ही नातवंडांच्या सुट्ट्यांवर खर्च केले आणि त्या सुट्ट्या झाल्या, ते पैसे वसूल झालेत. आता पूल ठेवला तरी ते परत येत नाहीत आणि बुजवला तरी येत नाहीत. हिशोब पुढचा करायचा. मग कागद घेऊन बसलो. एवढ्या पुलात साधारण ५७,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास सहा टँकर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोज एक सेंटिमीटर पाणी उडालं धरलं तरी ४०० लिटरच्या वर गेलं. आप्पा आकडा बघत राहिले. दुष्काळ पाहिलेला माणूस, त्यांना पाणी वाया जाणं सगळ्यात जास्त लागलं, पैशापेक्षा जास्त.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते, थोरल्यालाही बोलवा, सगळे समोर असताना ठरवा असं मी सुचवलं. अशा गोष्टी फोनवर ठरवू नयेत, नंतर एक जण म्हणतो मला विचारलंच नाही. आप्पांची इच्छा होती की वर स्लॅब टाकून पावसाच्या पाण्याची टाकी करावी, आणि विचार चांगला होता, मी मनापासून सांगते, पूल धड असेल तर हा पर्याय जरूर बघावा. पण इंजिनियरने पाहिलं तर तळाला आणि एका भिंतीला तडे, काळ्या जमिनीत असं होतं, पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दुरुस्ती आणि स्लॅब मिळून खर्च फारच जात होता. शेवटी बुजवायचं आप्पाच म्हणाले, एका अटीवर, की गच्चीचं पाणी बोअरजवळ शोषखड्डा करून जिरवायचं.

बुजवायचं कसं हे पण लिहिते कारण घाईत लोक नुसती माती ओढून मोकळे होतात आणि दोन पावसाळ्यांत तिथे दलदल होते. तिथे पुढे खोली बांधायची असेल तर पूर्ण पूल फोडून मलबा बाहेर काढावा लागतो, महाग पडतं. नुसती बाग करायची असेल तर अर्धवट फोडून चालतं. यांनी तेच केलं. आधी पाणी झाडांना सोडलं (पाण्यात क्लोरीन असेल तर ते टाकणं बंद करून पाणी आधी बरेच दिवस उन्हात राहू द्यावं). वायरमनकडून मोटरची आणि पाण्यातल्या दिव्यांची लाईन मुळापासून तोडली. ब्रेकर लावून तळाला जागोजागी आरपार भोकं पाडली, हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर खाली बंद हौदच राहतो आणि पाणी साचत जातं. भिंती वरून अडीच-तीन फूट फोडल्या, तोच डबर तळाशी, त्यावर मुरूम, आठ-नऊ इंचांचा एकेक थर, पाणी मारून धुम्मसने ठोकून दाबलेला. काळी माती फक्त वरच्या दीड-दोन फुटात, झाडांपुरती. एकूण जवळपास २० ब्रासचा खड्डा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), डबर धरून, पण दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून जास्तीचा मागवावा लागला. मे महिन्यातच उरकलं, कारण पावसाळ्यात रिकामा पूल ठेवला आणि खाली पाणी चढलं तर सबंध सांगाडा वर उचलला जाऊ शकतो. पूल मंजूर नकाशात होता म्हणून नगररचनाच्या ऑफिसात आधी विचारून घेतलं, तुम्हीही घ्या.

जेसीबी आला त्या दिवशी आप्पांनी घरी थांबावं का गावी जावं, यावर आम्ही आधी बोललो होतो. मी त्यांच्यावर सोडलं. ते थांबले, आणि मुरमाचा प्रत्येक थर नीट बसला का ते दिवसभर उन्हात उभं राहून स्वतः बघत होते.

पहिल्या जोरदार पावसात एक कोपरा वीतभर खचला, सून घाबरून फोनवर आली. एवढं होतंच, दोन ट्रॉल्या मुरूम टाकून भागलं. आप्पांनी पूल कुठे होता, किती फुटांवर भिंत आहे याचा नकाशा काढून घराच्या कागदांच्या फायलीत लावलाय, उद्या घर विकलं तर घेणाऱ्याला दाखवायला पाहिजे म्हणाले. थोरल्याची मुलं दिवाळीला आली होती, पूल नसताना आली, हे सासूबाईंनी मला दोनदा सांगितलं. सून अजून येते. झोप बरीच सुधारलीय, पण रात्री एकदा तरी उठून कडी बघायची सवय गेलेली नाही, त्यावर आमचं काम चालू आहे, आणि आता नवराही सोबत येतो.